डोंगराचं बी, माळाची माती

ड्राय क्रीक, ओरेगॉन
९ सप्टेंबर २०१७

कोरीन,

फोन तू उचलत नाहीस. नऊ वर्षं उचलला नाहीस, तेव्हा आताच उचलशील असं मी धरूनही चालत नाही. पत्र मात्र उचलावंच लागतं, निदान कचऱ्यात टाकायला तरी.

घर वाचलं. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुला ठरवता येईल. घर, गोठा, आपल्या बाबांनी लावलेली तिन्ही पॉपलरची झाडं, आणि चार सोडून सगळ्या गाई. सतरा ऑगस्टला दुपारी पावसाचा एक थेंब नसताना वीज पडली, तीन ठिकाणी. सरकारी बंब येईपर्यंत आपल्या खोऱ्यातल्या अकरा ट्रॅक्टरांनी आग अडवायला चार मैलांचा पट्टा नांगरून काढला होता. आगीच्या मंडळाची कप्तान सध्या मी आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. सरकारी साहेब गाडीतून उतरताच मला म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा. संध्याकाळी तोच साहेब टोपी काढून विचारत होता, बाई, माझी गाडी कुठे लावू? चौपन्नाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं?

खालचा माळ मात्र गेला. एकवीस हजार एकर. नुसता तवा राहिलाय. सेजचं झुडूप जळताना कसा वास येतो ते तुला सांगायला नको, माझ्या उशीला अजून येतो. रानकोंबड्यांच्या वसंतातल्या नाचाचं मैदान त्याच्या ऐन मध्यावर होतं. एप्रिलमध्ये मी तिथे अडतीस नर मोजले होते. हो, मी मोजते. तू गेलीस तेव्हा मोजणीचा कागद कुणीतरी भरायला हवाच होता, आणि पहाटे मला नाहीतरी जाग येते. त्यात विशेष काही नाही.

ते लवकर वाळणारं परकं चीट गवत माजू दिलंत तर एक दिवस माळ पेटेल, सेज गेलं की हिवाळाभर त्याच्याच पानांवर जगणारे कोंबडेही जातील, असं तू ग्रेंजच्या शेतकरी सभेत म्हणाली होतीस. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा त्याची किंमत ठेव. त्या सभेत मी एक गंमत केली आणि तू ती मनाला लावून घेतलीस. त्यावर आता काय बोलायचं?

येत्या हिवाळ्यात त्या माळावर आम्ही स्वतः सेज पेरणार आहोत. तुझी मदत हवी म्हणून लिहीत नाही. कळवलं, एवढंच.

आयडा


२६ नोव्हेंबर २०१७

कोरीन,

मी दोन पानं लिहिली आणि तू पोस्टकार्डावर एक ओळ पाठवलीस: "बी कुठून घेणार आहात? किती उंचीवरून?" मायना नाही, सही नाही. बॉयझीच्या तुझ्या प्रयोगशाळेत शाई महाग झाली की काय?

तर ऐक. बी घेऊन झालं. एकतीस माणसं, नऊ दिवस. डागणीच्या न्यायानेच सगळ्यांना बोलावलं. तुझी वासरं डागायला मी आले होते ना, मग माझ्या माळासाठी तू ये. एकानेही नाही म्हटलं नाही. सेजचं बी कसं झोडतात ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकात निघालं, टेनिसच्या रॅकेटने. आपल्या शाळेला टेनिसचं मैदान कधीच नव्हतं, पण कोठीत चौदा रॅकेटी निघाल्या. का, ते विचारू नकोस, शाळामंडळाचं काम आहे. एकाने फांद्यांखाली ताडपत्री धरायची, दुसऱ्याने झोडायचं. बी म्हणजे मिरपुडीहून बारीक. शिंक आली की एकरभर पीक गेलं.

फर्मिन एलोर्दी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, तरी नऊच्या नऊ दिवस आला. तिसऱ्या दिवशी रॅकेट टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "साठ वर्षं मी या झुडपाच्या मुळावर उठलो होतो. नांगरलं, जाळलं, विमानातून विष मारलं. आता त्याच्यासमोर टेनिस खेळतोय. माझ्या बापाने पाहिलं असतं तर ही रॅकेट माझ्याच पाठीत घातली असती." आणि पुन्हा झोडायला लागला.

कुठून घेतलं म्हणतेस? वरून. डोंगराच्या खांद्यावर, जिथे उन्हाळ्यात आपल्या गाई चरतात आणि जिथे आग पोचली नाही. कमरेएवढी झुडपं, बियांनी वाकलेली. माळाच्या वर दोन हजार फूट असेल. सेज ते सेज. बाबांनी आपल्याला ते उपटायला शिकवलं, त्याची जात विचारायला नाही.

बेचाळीस पोती भरली. आपल्या खोऱ्याने असं काही याआधी केलेलं मला आठवत नाही, आणि तुलाही आठवत नसणार.

आयडा


११ फेब्रुवारी २०१८

कोरीन,

पेरणी झाली. बर्फावर बी टाकायचं, बर्फ वितळला की ते आपोआप मातीत बसतं. बंबाच्या गाडीमागे पेरणीयंत्र बांधून शेजारच्या डीक रॅस्बँडने गाडी हाकली, मागे मी यंत्रावर. सहा दिवस. नाक जागेवर आहे की गळून पडलं, हे हात लावून बघावं लागत होतं.

तुझं जाडजूड पाकीट डिसेंबरात पोचलं. सध्या गाई व्यायला लागल्यात, त्यामुळे उघडायला सवड झालेली नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलंय, हरवणार नाही.

आयडा


२० मे २०१८

कोरीन,

उगवलं.

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. आधी स्वतः खात्री केली, मग फर्मिनला आणलं. म्हाताऱ्याने गुडघे टेकले, खिशातून वाचायचं भिंग काढलं आणि पंधरा मिनिटं जमिनीला नाक लावून बसला. उठवायला दोन माणसं लागली. उठल्यावर म्हणाला, तीन पानं आहेत, चांदीसारखी. जन्मात प्रथमच त्याने सेजला चांगला शब्द वापरला असेल. आता पावलापावलाला रोप आहे. डीक आपल्या बायकोला घेऊन आला, ती आपल्या बहिणीला. रविवारी चर्चनंतर लोक माळावर येतात आणि वाकून बघत फिरतात, अंगठी हरवल्यासारखे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने फोटो छापला. मधोमध मी आहे. कात्रण सोबत आहे. टोपीमुळे चेहरा नीट दिसत नाही, पण मीच आहे.

एप्रिलमध्ये कोंबडे आले होते. नऊ. अडतीसांचे नऊ. आडोशाला एक झुडूप नाही, सगळी राख, आणि त्या राखेत छाती काढून, पिवळ्या पिशव्या फुगवून, शेपटीचे काटे उभे करून नाचत होते. निवडणुकीच्या आधी जिल्हा मंडळाचे सभासद असतात तसे. बघायला माद्या फक्त दोन. तरी एकानेही नाच आखडता घेतला नाही. मी गाडीत बसून मोजलं, आणि तुला खोटं कशाला सांगू, मला त्यांचा अभिमान वाटला. जागा सोडून न जाणारं कुणीही मला आवडतं. हे तुला टोचून लिहिलेलं नाही.

पाकीट अजून खिडकीतच आहे.

आयडा


२ सप्टेंबर २०१८

कोरीन,

रोपं मेली. सगळीच नाहीत, शंभरातली नव्वद. जुलैत पिवळी पडली, ऑगस्टमध्ये हात लावला की चुरा. लोक म्हणतात, उन्हाळा कडक होता. उन्हाळा नेहमीसारखाच होता.

आता तुला खरं लिहिते, आणि एका दमात लिहिते, कारण थांबले तर फाडून टाकीन.

तुझं पाकीट मी आलं त्याच दिवशी उघडलं होतं. उभ्यानेच, टपालपेटीपाशी. त्यात तू लिहिलं होतंस की डोंगरावरचं सेज वेगळं आणि माळावरचं वेगळं. डोंगरावरच्याला वरचा बर्फ आणि ओल लागते, माळाच्या कोरड्या मातीत ते उगवेल, पण पहिला उन्हाळा काढणार नाही. आणि ओळखायची रीतही तू दिली होतीस: पान चुरडून पेलाभर पाण्यात टाका, अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरा. निळं चमकलं तर डोंगराचं. नाही चमकलं तर माळाचं.

जांभळा दिवा जिल्ह्यात एकच आहे. लुएलाच्या बोलिंगच्या दुकानात. शनिवारी ती तो लावते, मग सगळ्यांचे दात आणि सदरे चमकतात. जानेवारीच्या पाच तारखेला, दुपारी दोन वाजता, दुकान बंद असताना मी दोन पेले घेऊन गेले. एकात आमच्या पोत्यात सापडलेल्या डहाळीचं पान, दुसऱ्यात माळावर कुंपणाच्या कोपऱ्यात जळायचं राहिलेल्या एकुलत्या झुडपाचं. लुएलाने पडदे ओढले. काय चाललंय म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं, डोळे तपासतेय.

माळाचा पेला नुसतंच पाणी. आमचा पेला असा निळा पेटला, की लुएला म्हणाली, "अगं बाई, हे पितात का?"

म्हणजे पेरणीच्या आधी महिनाभर मला माहीत होतं. बेचाळीस पोती चुकीची आहेत हे माहीत असताना मी यंत्रावर बसले आणि सहा दिवस ती फेकली. एकतीस माणसांनी माझ्या शब्दावर झोडलेलं बी. त्यांना काय सांगणार होते? की कप्तानबाई चुकल्या? आणि बरोबर कोण होतं म्हणून विचारलं असतं तर? तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तेही ग्रेंजच्या त्याच हॉलमध्ये. म्हटलं, उगवेल. आणि उगवलं, तेव्हा मी फोटो काढून घेतला.

त्या सभेतल्या गमतीबद्दल. गंमत नव्हती ती. तू नकाशा घेऊन उभी होतीस, तुझा घटस्फोट होऊन दोन महिने झाले होते, आणि मी मागून ओरडले, "आमच्या कोरीनला नवरा टिकवता आला नाही, आता कोंबडे टिकवायला निघालीय." सगळा हॉल हसला. तू नकाशाची गुंडाळी केलीस, रबर लावलंस आणि गेलीस. रबर लावायला तुला दोनदा प्रयत्न करावा लागला, ते मी पाहिलं होतं.

उत्तर पाठवू नकोस. पण माळावरचं बी आता कुठे मिळेल, एवढं मात्र पोस्टकार्डावर लिही. सही नको.

आयडा


१४ ऑक्टोबर २०१८

कोरीन,

तुझं कार्ड आलं. "न जळलेला जुना माळ शोधा. तुमच्यापैकीच कुणाकडे तरी असेल." ठीक. पण तुमच्यापैकी कुणाकडे हे विचारायचं, तर का विचारतेय तेही सांगायला हवं. म्हणून काल ग्रेंजची सभा बोलावली.

मी उभी राहिले आणि जे तुला लिहिलं तेच सांगितलं. पाकीट, पेले, यंत्र. मग ते दहा वर्षांपूर्वीचं वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्हटलं, तेव्हा तुम्ही हसलात, पण बोलले मी. आणि ती बरोबर होती. आधीही, आताही.

कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. डीक आपल्या बुटांकडे बघत होता. त्याने यंत्रापुढे सहा दिवस गाडी हाकली होती, उणे वीसमध्ये. मी राजीनामा लिहून आणला होता, तो टेबलावर ठेवला.

फर्मिन हळूहळू उठला. त्याला उठायला वेळ लागतो, आणि तो वेळ मला फार लांब वाटला.

"पोरी, माझे किती दिवस गेले?"

"बी झोडायचे नऊ."

"आणि डीकचे?"

"पंधरा."

"मग कागद कसले नाचवतेस? आपल्याकडे रीत आहे ना," तो म्हणाला. "बादली."

तू विसरली असशील, म्हणून लिहिते. ज्याने दुसऱ्याचा दिवस फुकट घालवला, त्याने पुढच्या वसंतात त्याच्या डागणीला बादली धरायची. वासरं खच्ची करताना जे काढतात ते ज्यात पडतं ती बादली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचं काम. मी ती शेवटची धरली तेव्हा तू दुधाच्या दातांची होतीस.

"अकरा घरं आहेत," डीक खालमानेने म्हणाला. "अकरा डागण्या."

"माझी दोनदा," लुएला म्हणाली. तिच्याकडे एकही गाय नाही. "डोळे तपासायला आली होती म्हणे."

मग हॉल हसला. सगळा, मागच्या ओळीपर्यंत. त्या हसण्यासमोर उभं राहायला कसं वाटतं ते मला काल कळलं, आणि माझ्यासमोर हसणारे मला माफ करून हसत होते. तुझ्या वेळी तेही नव्हतं.

फर्मिनने माझा राजीनामा उचलला, त्यावर कॉफीचा कप ठेवला आणि सांगितलं की त्याच्या मेंढ्यांच्या वाड्यामागे चाळीस एकर जुना माळ आहे, नांगर कधी लागलेला नाही. मी विचारलं, राखून ठेवला होतास? तो म्हणाला, छे, आळस. तीस वर्षं दर वसंतात नांगरणार होतो.

आज सकाळी लुएलाकडे पेला नेला. या वेळी बरोबर सतरा माणसं होती आणि तिने सगळ्यांना भाड्याचे बूट घालायला लावले. पाणी काळंच राहिलं. डीकने आरोळी ठोकली. काळ्या पाण्यासाठी ओरडणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही, आणि ही माझी आहेत.

बी नोव्हेंबरच्या शेवटी पिकेल. कळवलं, एवढंच.

आयडा


३ डिसेंबर २०१८

कोरीन,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. तुझी गाडी फर्मिनच्या वाड्यापाशी उभी दिसली तेव्हा मला वाटलं सरकारी माणूस आलाय, आणि मी टोपी सरळ केली.

दोन दिवस एकाच ताडपत्रीची दोन टोकं धरून आपण काम केलं. मी मोजलं आहे, तू माझ्याशी एकूण अकरा वाक्यं बोललीस. नऊ झुडपांबद्दल होती. दहावं, "घरी झोपायला येत नाही, मोटेलात सांगितलंय." ठीक आहे. खाट घातली होती, ती काढायला वेळ लागत नाही.

अकरावं गाडीत बसताना म्हणालीस. "तू उभी राहून सांगितलंस, ते मला फर्मिनने सांगितलं. शब्दन्‌शब्द." आणि काच वर केलीस. मी कुंपणापाशी उभी राहिले. बराच वेळ. थंडी होती म्हणून नाक पुसत होते.

या वेळी पोती कमी भरली, फक्त एकोणीस. पण तू प्रत्येकावर खडूने खूण केलीस, आणि तुझी पाठ वळल्यावर डीक मला हळूच म्हणाला, "कप्तान, खरी कप्तान ती दिसतेय." मी म्हटलं, आपल्या घराण्यातच आहे ते.

आयडा


९ जून २०१९

कोरीन,

अकरा डागण्या झाल्या. लुएलाच्या दोन धरल्या तर तेरा. तिने तिची बादली बोलिंगच्या दुकानात धरायला लावली, रिकामी, शनिवारी, जांभळ्या दिव्याखाली, सगळ्यांसमोर. सोबत फोटो आहे. या वेळी टोपी नव्हती, चेहरा स्वच्छ दिसतो.

कोंबडे सहा आले. रोपं उगवली आहेत, डोंगरवाल्यांपेक्षा खुजी आणि विरळ. मी कुणालाही फोटो काढू दिला नाही. सप्टेंबरपर्यंत थांबायचं असं सगळ्यांनी ठरवलंय. चर्चनंतर लोक येतात, पण आता कुणी वाकत नाही. लांबून बघतात आणि जातात.

आयडा


२८ मार्च २०२१

कोरीन,

गेल्या एप्रिलमध्ये पाच नर होते. यंदा शून्य लिहावं लागेल या भीतीने मी मोजणीचा कागद अजून हातात घेतलेला नाही. त्याऐवजी काल भर दुपारी माळावर चालत गेले.

दोन उन्हाळे काढलेली रोपं आता वीतभर आहेत. वाऱ्याने वरचा बर्फ उडवून नेला होता, त्यामुळे शेंडे उघडे होते. पहिलं दिसलं ते खुडलेलं. मग दुसरं. मग वीसेक पावलांत एकोणीस रोपं, शेंडे साफ कापलेले. मला आधी संताप आला. ससा म्हटलं, हरीण म्हटलं, डीकची सुटलेली कालवड म्हटलं, आणि त्या कालवडीला मनातल्या मनात चार शिव्याही दिल्या. मग खाली बघितलं.

बर्फावर पावलं होती. तीन बोटं पुढे, वीतभर अंतरावर दुसरं पाऊल, शेजारी लहान पावलं, म्हणजे माद्याही. आणि रोपांच्या बाजूला लेंड्या. ढिगाने, जुन्या आणि ताज्या. रात्री तिथेच बसले होते. हिवाळाभर तिथेच जेवले होते.

एक फोडून बघितली. आत दुसरं काहीही नाही, नुसती सेजची पानं. वास घेतला. कोरीन, तोच वास. आगीचा नव्हे, त्याआधीचा.

मी फर्मिनला आणलं. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे टेकत नाही, म्हणून त्याच्या हातावर ठेवली. त्याने भिंगातून बघितली आणि म्हणाला, "आपलं खाल्लं." संध्याकाळपर्यंत खोऱ्यातली सगळी माणसं येऊन गेली. जिवापाड जपलेलं पीक कुणीतरी खाऊन गेलं म्हणून इतकी माणसं इतकी ताठ मानेने फिरताना मी पाहिलेली नाहीत. मीही त्यातच होते. थोडी पुढे.

चौदा निवडक लेंड्या डबीत कापसावर ठेवून पाठवते आहे. तुझ्या प्रयोगशाळेत बघ आणि माळाचंच आहे ना ते कळव. मला माहीत आहे, तरी तुझ्याकडून हवं आहे. खाट घातलेली आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोजणी असते, पहाटे साडेपाचला निघावं लागतं, मोटेलातून उशीर होतो.

टपाल कचेरीतल्या बाईने डबी हलवून बघितली आणि विचारलं, आत काही मौल्यवान आहे का, विमा उतरवायचा का. मी म्हटलं, उतरवा. जास्तीत जास्त जेवढा उतरतो तेवढा.

आयडा